शेजारच्या संचांचा थेट संवाद व लहरींची वाटणी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापी नदीस महापूर येऊन सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वीज खंडित झाली, दूरध्वनी मुके झाले. अशा प्रसंगी मनोरा बंद पडला की एकाच गल्लीतील दोन भ्रमणध्वनी संचही निरुपयोगी ठरतात. नवागामातील एका घरातून शेजारच्या घरी केलेले बोलणेसुद्धा प्रथम मनोऱ्याकडे जाते व तेथून परत येते, हे त्याचे कारण होय.

ही फेरी टाळून संचांनी परस्परांशी थेट बोलावे, अशी तरतूद चौथ्या पिढीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत २०१५ मध्ये झाली. ती मुख्यतः पोलीस, अग्निशमन व बचाव पथकांसाठी होती. खरी अडचण लहरींच्या वाटणीची आहे. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १८० किलोहर्ट्झचे ५० तुकडे पाडण्यात येतात. जवळजवळच्या दोघांनी एकाच क्षणी एकच तुकडा वापरल्यास दोघांचेही बोलणे बिघडते.

खानदेशातून येऊन नवागाम-डिंडोली भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांना पांझराकाठची फड पद्धत ठाऊक असेल. तेथे पाटकरी पाळीने पाणी देतो. मनोरा चालू असता तोही तसाच कोणास कोणता तुकडा व किती काळ, हे ठरवून देतो. थेट संवादासाठी बहुधा संचाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरी योजतात. तेथे होणारा उपद्रव मनोऱ्यासच पोहोचतो आणि तो संचास शक्ती कमी करावयास लावू शकतो. उलट दिशेच्या लहरी घेतल्यास आसपासच्या ग्राहकांस त्रास होईल व त्यांना दाद मागावयास कोणी नाही!

पाटकरीच नसेल तेव्हा? संचात आगाऊ नोंदलेल्या राखीव तुकड्यांतून प्रत्येक संच यदृच्छेने निवड करतो. दोघांची निवड एकच झाली तर संदेश वाया जातो. शिवाय स्वतः बोलत असता संचास दुसऱ्याचे ऐकू येत नाही. यास्तव एकच संदेश चार वेळा पाठविण्यात येतो. वाहनांसाठी पुढे केलेल्या मानकांत संच आधी कानोसा घेऊन मोकळा तुकडा निवडतो. ही रीत अधिक शहाणपणाची खरी.

सामान्य ग्राहकाच्या संचात मात्र ही सोय बहुधा नसते. राखीव वाटा मोठा ठेवल्यास एरवीच्या ग्राहकांचे तुकडे कमी होतात, लहान ठेवल्यास पुराच्या रात्री पथकांची टक्कर होते. हा आकडा संचात आधीच नोंदवावा लागत असल्याने तो पाणी चढण्यापूर्वीच ठरलेला असावा लागतो.