वर्षअखेरची शिल्लक
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पेशाने शाळामास्तर. उपदेश करण्याची खोड आम्हांस आहे, असे घरची मंडळी नेहमी म्हणतात. तेव्हा या खेपेस उपदेश बाजूला ठेवून आमच्याच एका जुन्या वहीची तपासणी वाचकांपुढे मांडावी असे ठरविले.

इ. स. २००० च्या एप्रिलमध्ये आम्ही बेळगावात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्षाचा शेवटचा तास संपताना आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितले, "परीक्षा संपली की आठ दिवसांच्या आत प्रत्येक विषयावर एकेक पान लिहा. या वर्षात या विषयाने मला काय दिले, एवढेच लिहायचे. पुस्तक उघडायचे नाही. पान मला दाखवायचे नाही, आणि त्याला गुणही नाहीत." गुण नाहीत म्हटल्यावर बहुतेकांनी लिहिले नाही. आम्ही लिहिले, पण पान भरले नाही. विषयागणिक चार-पाच ओळी झाल्या.

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना ती वही ट्रंकेच्या तळाशी सापडली. त्या वेळी आम्ही चार विषयांवर चार निकाल देऊन मोकळे झालो होतो. आज चाळिशी उलटल्यावर ते वाचले, तो चारांपैकी तीन निकाल साफ चुकलेले! ते कसे चुकले, हेच येथे सांगावयाचे आहे.

इतिहास

वहीत लिहिले आहे : "इतिहास सोपा. गुण चांगले पडतील. चांगला समजला." गुण पडलेही, शंभरांत एकाहत्तर. घरात पेढे वाटले गेले.

पुढे आम्ही शिक्षक झालो आणि सातवीच्या मुलांना घेऊन बेळगावच्या किल्ल्यात गेलो. तेथे कमल बस्ती हे जैन मंदिर आहे आणि थोड्याच अंतरावर सफा मशीद आहे. एका मुलाने विचारले, "सर, ह्यातलं आधीचं कुठलं? आणि दोन्ही एकाच किल्ल्यात कशी?" आम्हांस धड उत्तर देता आले नाही. लहानपणापासून ज्या वाटेने शेकडो वेळा गेलो, तेथील दगडांविषयी एकाहत्तर गुणांच्या विद्यार्थ्याला काही सांगता येऊ नये!

घरी येऊन पुस्तके काढली. कमल बस्ती १२०४ मध्ये रट्ट राजांच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने बांधली. सफा मशीद सोळाव्या शतकातील. ती आदिलशाही सरदार असदखान लारी याच्या नावाशी निगडित आहे. राज्ये बदलली, पण किल्ल्याचे महत्त्व राहिले, म्हणून प्रत्येकाने आपली खूण तेथे ठेवली. पुढे १९२४ च्या डिसेंबरात याच गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही लोक काँग्रेस विहीर म्हणून दाखवितात.

यात अवघड असे काहीच नव्हते. आम्ही पाठ केले होते. ते परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकले आणि नंतर गेले. याचे कारण पुढे बी. एड. ला मानसशास्त्र शिकताना कळले. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या यादी तो पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात हे मोजी. एका दिवसानंतर वाचणारे श्रम जेमतेम एकतृतीयांश भरत. महिन्यानंतर पाचवा हिस्सा. आम्ही इतिहासही त्या निरर्थक अक्षरांसारखाच पाठ केला होता, त्याची गतही तशीच झाली.

अर्थशास्त्र

वहीत लिहिले आहे : "रुक्ष. आमच्या कामाचा नाही. पेपर वाईट गेला." यातील शेवटचे वाक्य तेवढे खरे ठरले, एका पेपरात आम्ही नापास झालो.

त्या सुटीत कॉलेज सोडून अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसावे, असे आमच्या मनाने घेतले होते. अब्बा एवढेच म्हणाले, "बसायचं तर बस, पण आधी किराणा दुकानदाराच्या उधारीचा वर्षाचा हिशेब मला लावून दे." आम्ही तीन संध्याकाळी बेरजा करीत बसलो. धान्य, तेल, साखर, रॉकेल, घरभाडे, औषध, शाळा असे रकाने पाडले. घरात आलेल्या पैशातील अर्ध्याहून बराच अधिक पैसा नुसत्या खाण्यावर गेला होता. शिक्षणाचा रकाना सगळ्यांत आखूड होता.

तेव्हा एकदम आठवले की हे तर आपण वर्गात ऐकले आहे! अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम : कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर खर्च होणारा हिस्सा मोठा. परीक्षेत आम्ही हा नियम अर्धवट लिहून आलो होतो, आणि तो आमच्याच घरात वर्षानुवर्षे चालू होता. धान्य महागले की गरिबाच्या घरी पोट कमी करता येत नाही. मग कात्री लागते ती उरलेल्या लहान हिश्श्याला, आणि त्यात शाळेची फी असते. एखादा हुशार मुलगा मध्येच शाळा सोडतो, तेव्हा आपण त्याच्या अभ्यासाला किंवा आईबापांच्या बेफिकिरीला दोष देतो. पुष्कळदा दोष त्या रकान्याचा असतो.

ऑक्टोबरात तो पेपर पुन्हा दिला आणि सुटलो. कॉलेज सुटले नाही.

मराठी

वहीतील हा निकाल वाचताना आजही मन खिन्न होते. "हा विषय आपला नव्हे. घरी बोलतो ती भाषा अशुद्ध, म्हणून आपण मागे पडतो." आमच्या घरी दख्खनी बोलतात आणि शाळेत आम्ही मराठीत शिकलो. वर्गात घरचा शब्द तोंडून निसटला की हशा होई. त्याची जखम एकोणिसाव्या वर्षीही ओली होती.

आश्चर्य असे की त्याच वर्षी प्राध्यापकांनी मराठीतील फारसी-अरबी शब्दांवर चांगले चार-पाच तास घेतले होते. हिशेब, अर्ज, वकील, जमीन, बाजार हे शब्द बाहेरून आले. आपण लिहितो तो कागद फारसी, आणि शाईदेखील फारसीच. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी यांतले कित्येक शब्द लोकांच्या तोंडी कायम राहिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ पुरा केला, हेही त्यांनी सांगितले होते. आम्ही ते सर्व उतरून घेतले, उत्तरपत्रिकेत लिहिले, आणि घरी येऊन वहीत लिहिले की हा विषय आपला नव्हे!

डोळे उघडले ते बी. एड. च्या सराव पाठात. पाचवीचा वर्ग होता. एक मुलगा "नक्को सर" म्हणाला आणि वर्ग हसला. आम्ही सवयीने त्याचा शब्द दुरुस्त करण्यास तोंड उघडले, आणि थांबलो. "नक्को" म्हणजे मराठीचा "नको"च. दख्खनीने तो मराठीपासून घेतला. मराठीत "मीच" म्हणतात, दख्खनीत "मैंच"; तो "च"ही मराठीचाच. आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले आणि मुलांना विचारले, "बाळांनो, हे दोघे एकमेकांचे कोण?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "भाऊ." पाहणीस आलेल्या अध्यापकांनी, पाठ टाचणाबाहेर गेला म्हणून, गुण कापले. त्याचे आम्हांस दुःख नाही. आज आम्ही मराठीच शिकवितो.

चौथा विषय इंग्रजी. त्याविषयी लिहिले होते : "वाचून समजते, बोलता येत नाही. तोंडाने बोलल्याखेरीज येणार नाही." हा एक निकाल बरोबर निघाला. तो बरोबर का, हे पाहण्यासारखे आहे. इतर तिन्ही ठिकाणी आम्ही विषयाला किंवा स्वतःला प्रमाणपत्र देत होतो. येथे मात्र काय येते, काय येत नाही आणि काय करावयास हवे, एवढेच लिहिले होते.

टिपण कसे लिहावे

आता वर्षाची दोन सत्रे झाली, विषय वाढले, गुणांबरोबर श्रेयांकही आले. तरी हे टिपण आजच्या विद्यार्थ्यासही करता येईल. परीक्षा संपल्यावर आठ दिवसांत, पुस्तक मिटून, दर विषयाला एक पान द्यावे आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहावी.

पहिला : या विषयातील कोणती गोष्ट मी घरच्या माणसाला पुस्तकाशिवाय समजावून देऊ शकतो?

दुसरा : ही गोष्ट मला कॉलेजबाहेर, म्हणजे घरात, बाजारात, गावात कोठे दिसली?

तिसरा : काय समजले नाही? "रुक्ष", "सोपे", "निरुपयोगी" हे शब्द येथे वापरू नयेत. न समजलेल्या गोष्टीचे नाव लिहावे.

चौथा : पुढील वर्षी कोणता प्रश्न कोणाला विचारीन?

पुस्तक मिटून लिहिण्यास कारण आहे. अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. परंतु उतारा मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी आठवड्यानंतर त्यांच्या पुढे गेले. पानावर तारीख घालून ते जपून ठेवावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचावे. निकाल चुकलेला असेल तर तो खोडू नये, खाली नवा लिहावा. आमचे तीन निकाल चुकले. पण ते लिहिलेले होते म्हणून तर चूक सापडली. न लिहिणाऱ्या सोबत्यांची मते बरोबर होती की नव्हती, हे त्यांनाही सांगता येत नाही.

गेल्या जूनमध्ये आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. बी. ए. च्या पहिल्या वर्षी सर्व विषयांत उत्तीर्ण, तरी म्हणे, "सर, पुढं शिकून काय उपयोग? मी सोडतो आता." आम्ही उपदेश केला नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले आणि रविवारी यावयास सांगितले. रविवारी तिने तीन विषयांची अर्धी-अर्धी पाने आणली. चौथे पान कोरे होते. त्याच्या माथ्यावर विषयाचे नाव तेवढे होते. "ह्यात मला काहीच सांगता येईना," ती म्हणाली, "पास कशी झालो कळत नाही." मग त्या कोऱ्या पानावरच आमचे दीड तास बोलणे झाले. तिने दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घेतला आहे. पुढचे तिच्या हाती, आणि थोडे आपल्याही हाती.

थोडे आपल्या हाती म्हणण्याचे कारण सभासदांस निवेदन करून लेख पुरा करतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आपण गुणपत्रक मागतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर हे टिपणही मागावे. एखाद्या विषयात नापास झालेल्याने काय समजले नाही हे नीट लिहिले असेल, तर केवळ त्या एका विषयासाठी त्याचा अर्ज बाजूला ठेवू नये. आणि मदत दिवाळीनंतर न देता जूनमध्येच द्यावी. कारण फी, वह्या व पुस्तके यांचा भार त्या आखूड रकान्यावर पडतो तो जूनमध्येच.

संस्थेने पन्नास वर्षे पैशाचा हिशेब चोख ठेवला, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. यापुढे विद्येचाही हिशेब आपली मुले आपल्या हाताने ठेवू लागोत, एवढीच या शुभप्रसंगी इच्छा.