लावणीच्या दिवसांत मुलांचे जेवण



आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागला की बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या गावांत दारांना कड्या आणि शेतात माणसे असे चित्र दिसू लागते. रोप उपटायचे, चिखल करायचा, लावणी उरकायची; आज आपल्या शेतात, उद्या शेजाऱ्याच्या. घरची बाई पहाटे उठते, पाणी भरते, गोठा आवरते, भाकरी थापते आणि आठाच्या आत बांधावर हजर असते. या धावपळीत मुलांच्या पोटात काय जाते, याचा विचार आज करू.

आम्ही घरोघर जातो तेव्हा या दिवसांत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकतो, "फादर, वेळच नाही." ते खोटे नाही. पण वेळ नसला तरी भूक असतेच, आणि ती भागवायला सकाळी चहा-बटर किंवा चहा-बिस्किट, संध्याकाळी दुकानातले कुरकुरीत पाकीट अशी सोय होते. पोट भरल्यासारखे वाटते. मूल रडत नाही. म्हणून घरचेही गप्प राहतात. मैदा, साखर, तेल आणि मीठ यांपलीकडे त्या पोटात फारसे काही गेलेले नसते.

यातली आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. ज्या घरात बिस्किटांचे पुडे येतात, त्याच घरातून त्याच आठवड्यात गावठी कोंबडीची अंडी, मसूर, शेंगा आणि दूध बाजाराला जाते. रोकड हवी, हे आम्ही समजतो. बी-बियाणे, खत, शाळेची फी या गोष्टी काही अंड्यांवर भागत नाहीत. परंतु सकस माल विकून निकस माल विकत घ्यायचा, हा व्यवहार शेतकऱ्याला शोभत नाही. विक्रीला काढण्याआधी मुलांचा वाटा बाजूला ठेवा. आपण बियाणे वेगळे काढून ठेवतो, तसाच हा वाटा समजावा.

१. प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांची हीच स्थिती होती. म्हणजे ज्या अंगणात तीन लहान मुले खेळतात, तिथे दोघांचे रक्त कमी असण्याचा संभव आहे. असे मूल लवकर दमते, अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही. कोणी माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाते. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

२. ताटात काय असावे?

चौरस आहार म्हटले की पुष्कळांना वाटते, हे श्रीमंतांचे काम. तसे नाही. चार गोष्टी लक्षात ठेवल्या म्हणजे पुरे.

(अ) धान्य : भात, भाकरी, नाचणी. यातून ताकद मिळते.
(आ) कडधान्य किंवा डाळ. जमेल तेव्हा अंडे, मासळी, दूध. यातून प्रथिने मिळतात, त्यांनी शरीर वाढते.
(इ) पालेभाजी, शेंगभाजी, फळ. यातून जीवनसत्त्वे आणि क्षार मिळतात.
(ई) थोडे तेल, शेंगदाणे किंवा तीळ. लहान मुलाचे पोट छोटे असते. थोडक्यात जास्त शक्ती मिळायला स्निग्ध पदार्थ लागतात.

धान्य आणि कडधान्य यांची जोडी का, तेही समजून घ्या. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांतला एक घटक धान्यात कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. दुसरा एक घटक कडधान्यात कमी, तो धान्यात पुरेसा असतो. एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण धरावे.

नाचणीविषयी वेगळे सांगितले पाहिजे. १०० ग्रॅम कोरड्या नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. हाडे आणि दात याच द्रव्याने घट्ट होतात. आपल्या माळरानावर पूर्वीपासून पिकणारे हे धान्य अजूनही काहींना गरिबाचे वाटते. शहरात मात्र तेच धान्य लोक पैसे मोजून नेतात.

३. रात्रीचा अर्धा तास

सकाळची घाई सकाळी कमी करता येत नाही, ती आदल्या रात्री कमी करावी लागते. जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून अर्धा तास द्यावा. पुरुषांनी भाजी निवडावी, कांदा चिरावा. मोठ्या मुलाने डाळ-तांदूळ निवडून ठेवावेत. धाकट्याने पाण्याची भांडी भरावीत. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईवर स्वयंपाकाचे सगळे ओझे टाकून बाकीचे बसून राहिले, तर सकस स्वयंपाकाच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नाही.

या अर्ध्या तासात कडधान्य भिजत घाला. अख्खा मसूर, मूग, अळसांदे, हुलगे यांपैकी घरात असेल ते रात्री भिजवावे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावे. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, पावसाच्या गारव्यात दीड दिवस लागतो. म्हणून आज भिजवलेले परवा सकाळी वापरायचे, असा क्रम ठेवावा. मोड आल्याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते आणि कडधान्य लवकर शिजते. जळणही वाचते. मात्र मुलांना आणि गरोदर बाईला मोड कच्चे देऊ नयेत, वाफवून किंवा शिजवून द्यावेत.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर थोडी उसंत असते. त्या वेळी आठवड्याची पिठे भाजून डब्यात भरून ठेवावीत.

४. चार झटपट पदार्थ

पौष्टिक पीठ. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूर येथे लहान प्रमाणात सुरू झाली होती. तिने लहान मुलांसाठी एक सोपे मिश्रण तयार केले, त्याला हैदराबाद मिश्रण म्हणतात. घरच्या मापाने ते असे : गहू ४०० ग्रॅम, चणाडाळ किंवा फुटाण्याचे डाळे १६० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम. गहू, डाळ, शेंगदाणे वेगवेगळे खमंग भाजावेत आणि दळावेत. पावसाळ्यात गुळामुळे पिठाला ओल सुटते. म्हणून पीठ कोरड्या डब्यात ठेवून गूळ ऐन वेळी मिसळावा. एवढ्या साहित्यात दहा वाटे होतात. एका वाट्यातून सुमारे ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा दुधात कालवले की पाच मिनिटांत खाणे तयार. लहान मुलाला एक वाटा दोन वेळा विभागून द्यावा.

मोडाच्या मसुराची खिचडी. तांदूळ दोन वाट्या, मोड आलेला मसूर एक वाटी, चिरलेला भोपळा किंवा गाजर, मूठभर पालेभाजी. कुकरमध्ये चमचाभर तेलात जिरे, लसूण, हळद घालून सगळे परतावे, पाच-सहा वाट्या पाणी आणि मीठ घालून तीन शिट्ट्या कराव्यात. आईचे अंग धुऊन होईपर्यंत खिचडी शिजते. वरून लिंबू पिळावे.

नाचणीचे घावन. नाचणीचे पीठ दोन वाट्या, तांदळाचे एक वाटी, बेसन अर्धी वाटी, बारीक चिरलेला कांदा, शेवग्याचा कोवळा पाला, मीठ आणि ताक. पातळसर कालवून तव्यावर घालावे. तव्यावरच एक अंडे फोडून पसरले तर पोरे आवडीने खातात. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हे शाळेच्या डब्यातही चालते. गार झाले तरी भाकरीसारखे वातड होत नाही.

हुलग्याचे पिठले. हुलगे भाजून केलेली पिठी एक वाटी, पाणी चार वाट्या. लसणाची फोडणी देऊन पाणी उकळावे, थंड पाण्यात कालवलेली पिठी त्यात हळूहळू सोडावी, ढवळत राहावे. दहा-बारा मिनिटांत होते. संध्याकाळी भिजून आलेल्या माणसांना गरम भाताबरोबर याच्यासारखे दुसरे काही नाही.

सरकारी व अनुदानित शाळांत मुलांना दुपारचे जेवण मिळते. तेव्हा सकाळ आणि रात्र या दोन वेळा नीट सांभाळल्या, तरी घराची जबाबदारी पुष्कळ अंशी पार पडते.

५. चहा, लिंबू आणि लोह

पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते. हे जीवनसत्त्व लिंबू, पेरू, आवळा यांत भरपूर असते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू भांडे खाली उतरवल्यावर पिळावे. चिंच आंबट असली तरी तिच्यात हे जीवनसत्त्व फारसे नसते; चवीसाठी ती घालावी, पण लिंबाचे काम ती करणार नाही.

उलट चहा लोहाच्या वाटेत आडवा येतो. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतला की अन्नातल्या लोहाचा मोठा भाग वाया जातो. मोठ्यांनी चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. लहान मुलांना चहा देऊच नये. चहाऐवजी नाचणीची आंबील द्यावी.

६. जपून वागावे अशा गोष्टी

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाबरोबर मऊ, घट्टसर, कालवलेले अन्न सुरू करावे. नुसते डाळीचे वरचे पाणी पाजून बाळ वाढत नाही, डाळ कुस्करून द्यावी. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. कूट करूनच द्यावेत.

बुरशी आलेल्या, काळपट, कडू शेंगा फेकून द्याव्यात. त्यांतले विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. अशा शेंगा जनावरांनाही घालू नयेत. शेंगा काढल्यावर चांगल्या कडक वाळवूनच साठवाव्यात, म्हणजे हा प्रसंग येत नाही.

उरलेला भात रात्रभर चुलीच्या उबेवर ठेवू नये, झाकून थंड जागी ठेवावा. सकाळी वास आला किंवा चिकट लागला तर तो मुलांना देऊ नये.

मूल फार फिकट दिसत असेल, धापा टाकत असेल, तर केवळ पालेभाजीवर विसंबू नका. आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासा, डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध पुरे करा. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. पोटात जंत असतील तर चांगले अन्नही अंगी लागत नाही.

७. आईचे ताट

शेवटी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्या घरांत बाई सगळ्यांना वाढून मागाहून जेवते आणि उरले-सुरले खाते. अंडी संपलेली असतात, आमटीचे नुसते पाणी राहिलेले असते. दिवसभर पाण्यात उभे राहून लावणी करणाऱ्या, कदाचित अंगावर पाजणाऱ्या किंवा गरोदर असलेल्या बाईला हे कसे परवडेल? आई अशक्त झाली की बाळही कमी वजनाचे जन्मते आणि सगळ्या घराची चूल थंडावते. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे आणि भाजी-आमटीचा वाटा आधी काढून ठेवावा. याला एक पैसाही लागत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

येत्या रविवारी एक डबा पौष्टिक पीठ करून ठेवा. सोमवारी रात्री मसूर भिजवा, बुधवारी सकाळी त्याची खिचडी करा. बाजाराच्या दिवशी विकायच्या अंड्यांतून घरातल्या प्रत्येक मुलासाठी दोन-दोन आणि त्यांच्या आईसाठी दोन अंडी बाजूला काढा. लावणी संपेपर्यंत एवढे चालवा. पुढे भात पोटरीला येईल तेव्हा आपली मुलेही अंगाने भरलेली दिसतील, आणि वर्षाचे दोन्ही पीक साधले असे म्हणता येईल.