धूरसूचक यंत्र : ओळख आणि निगा

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जात आहेत. तेथील घरांच्या छताला बशीएवढी एक पांढरी डबी बसविलेली असते. तिला स्मोक अलार्म म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण तिचे कार्य व निगा यांचा विचार करू.

आगीत पुष्कळ माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. शिवाय गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच, याचा भरवसा नाही. म्हणून जागे करणारी घंटा हवी.

या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याच्या अत्यल्प अंशामुळे हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. धूर शिरला की तो घटतो व घंटा वाजते. दुसऱ्यात प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण तो विखुरतात आणि विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडताच घंटा वाजते. गादी किंवा सोफा धुमसत असेल, तर हा दुसरा प्रकार लवकर सावध करतो.

फोडणीच्या धुराने घंटा वाजते म्हणून काही विद्यार्थी सेल काढून ठेवतात. हे अत्यंत घातक होय. अशाने त्या घरातील सर्वांचीच झोप धोक्याची होते. स्वयंपाक करताना दार लावावे, खिडकी उघडावी. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र असावे.

निगा अशी राखावी :

१) दरमहा बटन दाबून घंटा तपासावी.
२) साचलेली धूळ काढावी.
३) थोड्या थोड्या वेळाने ‘टिक्’ असा आवाज आला, तर सेल संपत आला असे समजावे व तो बदलावा.
४) दहा वर्षांनी संपूर्ण यंत्र बदलावे.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून खाजगी भाड्याच्या घरात राहत्या प्रत्येक मजल्यावर असे यंत्र बसविणे घरमालकावर बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून, बिघाड कळविल्यावर ते दुरुस्त करणे वा बदलणे हीही त्याचीच जबाबदारी आहे. तेव्हा संकोच न करता लेखी कळवावे.

घंटा वाजली की सामान गोळा करीत बसू नये. सर्वांना उठवून बाहेर पडावे, मागची दारे लावून घ्यावीत आणि ९९९ क्रमांक फिरवावा. वस्तू पुन्हा मिळतात, गेलेला जीव परत येत नाही, हे आपण आपल्या मुलांना निघण्यापूर्वीच शिकवू या.