तार तीच, कान वेगळा

शाळेच्या बँडमध्ये मी बास गिटार वाजवतो. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या सरावात सरांनी मला दोनदा थांबवून विचारलं, "बास ऐकू येतोय, पण सूर कुठाय?" मी अँप्लिफायरचा आवाज वाढवला. घुमणं वाढलं, सूर काही सापडला नाही. शेवटी गाणारी मुलं बासकडे कान न देता ड्रमच्या भरवशावर गायली. बासचं काम गाण्याला पाया देण्याचं. तो पायाच मी देऊ शकलो नाही, हे मला फार लागलं.

चूक कुठे होती, ते मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं, आणि तेही आजोबांच्या वीणेपाशी.

तिरुवैयारूजवळचं घर

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरकडे गेलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. आजोबा तिरुवैयारूजवळच्या गावात राहतात. दिवाळीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. कावेरी भरून वाहते आणि घराच्या ओट्यापर्यंत भाताची शेतं हिरवीगार असतात. आजोबांकडे फणसाच्या लाकडाची तंजावर वीणा आहे. तिला चोवीस पडदे, वाजवायच्या चार तारा आणि तालाच्या तीन. या वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दर जानेवारीत त्यागराज आराधनेच्या दिवसांत आजोबा गावातल्या छोट्या मंडपात वाजवतात. आजारपणानंतर त्यांच्या बोटांतला जोर कमी झाला. गेल्या वेळी दुसऱ्या रांगेच्या पुढे काहीच पोचलं नाही. "आता पुरे," असं म्हणून त्यांनी वीणेवर कापड टाकलं होतं.

मी म्हटलं, "आजोबा, मी पिकअप लावून देतो."

"भोक पाडायचं नाही," एवढंच ते म्हणाले.

मोडक्या इलेक्ट्रिक गिटारचा एक पिकअप मी बरोबर नेला होता. लाकडाच्या तुकड्यावर तो बसवला, चिकटपट्टीने तारांखाली धरला आणि स्पीकरला जोडला. आजोबांनी पहिली तार छेडली. खणखणीत! दुसरीही तशीच. तिसरी छेडली, तर जवळजवळ काहीच नाही. चौथीही मुकी. मी वायर हलवली, पिकअप सरकवला, पण फरक पडेना.

"दोघी बोलतात, दोघी गप्प बसतात," आजोबा म्हणाले. "तुझ्या यंत्राला यांचं काय वावडं आहे?"

उत्तर माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच होतं. आजोबांच्या वीणेवर पहिल्या दोन तारा पोलादी आहेत, खालच्या दोन पितळी.

पिकअप नक्की काय ऐकतो?

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पितळेला चुंबक ओढत नाही, म्हणून पितळी तार कितीही थरथरली तरी या पिकअपच्या लेखी ती जवळजवळ नसतेच.

म्हणजे हा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. लाकडाचा नादही फारसा ऐकत नाही. आपल्या डोक्यावरचा तारेचा लहानसा तुकडा कसा हलतो, एवढंच त्याला कळतं. हे समजलं आणि माझ्या बासचंही कोडं सुटायला लागलं.

जागा बदलली की सूर बदलतो

आजोबांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी एकच तार आधी घोडीजवळ, म्हणजे ब्रिजजवळ छेडली आणि मग हात पडद्यांकडे सरकवून छेडली. घोडीजवळ आवाज टोकदार आला, दूर गेल्यावर गोल. "हात कुठे ठेवायचा, हे शिकायला मला दोन वर्षं लागली," ते म्हणाले. छेडण्याच्या जागेचं जे, तेच ऐकण्याच्या जागेचंही.

कारण असं. छेडलेली तार पूर्ण लांबीने तर हलतेच, शिवाय त्याच वेळी दोन, तीन, चार भागांतही हलते. बासची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर मूलस्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याबरोबर ८२, १२४, १६५ असे उपस्वर निघतात. तंबोऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो, तोही असाच एक उपस्वर.

घोडीपाशी तार बांधलेली असल्यामुळे तिथे मूलस्वराची हालचाल अगदी कमी असते. वरच्या उपस्वरांचे भाग आखूड असल्याने ते घोडीच्या जवळच भरपूर हलायला लागतात. म्हणून घोडीजवळच्या पिकअपला मूलस्वर कमी आणि उपस्वर जास्त मिळतात.

शाळेत परतल्यावर मी आमचा बास पट्टीने मोजला. तारेची लांबी ३४ इंच, मागचा पिकअप घोडीपासून २.५ इंचांवर, पुढचा ६ इंचांवर. अकरावी-बारावीच्या मित्रांनी गणित करून पाहावं. घोडीपासूनचं अंतर भागिले तारेची लांबी, गुणिले १८० अंश, गुणिले उपस्वराचा क्रमांक. येणाऱ्या कोनाचा साइन काढला की त्या जागी त्या उपस्वराचा वाटा मिळतो.

मागचा पिकअप: मूलस्वर ०.२३, चौथा उपस्वर ०.८०.
पुढचा पिकअप: मूलस्वर ०.५३, चौथा उपस्वर ०.८०.

चौथा उपस्वर दोघांनाही सारखाच मिळतो, पण मूलस्वर पुढच्याला दुपटीहून जास्त. तार तीच, बोट तेच. फक्त कान साडेतीन इंच सरकला. आणि मी सरावात काय करत होतो? मागचा पिकअप पूर्ण बंद, पुढचा पूर्ण उघडा आणि वर टोनचं बटण मिटलेलं. ज्या उपस्वरांवरून कान सूर ओळखतो, तेच मी गाळून टाकत होतो. मग आवाज वाढवून काय होणार? जे नाहीच, ते मोठं होत नाही.

एक वेढा, दोन वेढे

वेढ्यांना तारेबरोबर आसपासच्या विजेची घरघरही ऐकू येते. आपली वीज ५० हर्ट्झची आणि जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणजे बासवाल्याच्या अगदी शेजारीच हे गोंगाटाचं घर! यावर उपाय म्हणजे दोन कुंतलं घ्यायची, दोन्हींचे वेढे आणि चुंबक उलटसुलट ठेवायचे. मग तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि घरघर एकमेकींना खोडते. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला. त्याला १९५७ मध्ये दोन भागांत विभागलेला पिकअप मिळाला, तो याच युक्तीने चालतो. १९६० च्या जॅझ बासवर दोन वेगळे पिकअप असतात. आमच्या शाळेचा बास याच धाटणीचा आहे. दोन्ही पिकअप सारखे उघडले की घरघर जवळजवळ नाहीशी होते.

उंचीचंही तसंच. पिकअप तारेजवळ आणला की आवाज मोठा होतो, पण फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढू लागतो, सूर डगमगतो आणि नाद लवकर विरतो.

वीणेचं काय झालं?

पितळेला चुंबक चालत नाही, तर दाब ओळखणारा कान हवा. पिझो पिकअपमध्ये असा पदार्थ असतो, जो दाबला की विद्युतदाब देतो. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. तो लाकडाचा कंप ऐकतो, त्यामुळे तार कशाची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तंजावरहून रुपयाच्या नाण्याएवढा एक पिझो आणला. थेट मिक्सरला जोडल्यावर आवाज पातळ आणि कर्कश आला, कारण पिझोला मध्ये छोटा प्रीअँप लागतो. तो लावल्यावर जागेचा शोध सुरू झाला. घोडीला चिकटवला तर नखाचा आवाज फार. कुडमच्या, म्हणजे वीणेच्या पोटाच्या, कडेला लावला तर बोदा. शेवटी घोडीपासून चार बोटांवर, मेणाने. भोक पाडलं नाही.

आजोबांनी चारही तारा एकेक करून छेडल्या. मग काही न बोलता वर्णम सुरू केलं.

करून पाहा

१. बासच्या पिकअपसमोर बोलून पाहा. आवाज येतो का? का येत नाही?
२. बोटांची जागा न बदलता फक्त पुढचा, फक्त मागचा आणि मग दोन्ही पिकअप उघडून एकच स्वर वाजवा.
३. सूर सापडत नसेल तर आधी आवाज कमी करा, मागचा पिकअप थोडा उघडा, टोनचं बटण सोडा. आवाज वाढवणं सर्वांत शेवटी.

यंदाच्या सरावात मी हेच केलं. आवाज मागच्या वर्षीपेक्षा कमी होता, तरी सरांनी एकदाही थांबवलं नाही.

आणि जानेवारीत आईचा फोन आला. आराधनेला आजोबा वाजवायला बसले होते. आईने मंडपाच्या अगदी शेवटी, जिथे चपला काढून ठेवतात, तिथे उभं राहून ऐकलं. चारही तारा ऐकू आल्या.