भिंतीवरचे स्पीकर घेण्याआधी

चि. मुग्धास मामाचे अनेक आशीर्वाद.

नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवताय आणि स्पीकर भिंतीवरच हवेत, असं ताईकडून कळलं. विचार योग्य आहे. हॉलमध्ये सोफा आणि दोन उपद्व्यापी पोरं असताना उभे स्पीकर ठेवायचे कुठे? पण साधा बुकशेल्फ स्पीकर ब्रॅकेटला अडकवून तुला कुणी ‘वॉल स्पीकर’ म्हणून विकेल, तो घेऊ नकोस. स्पीकरची पाठ भिंतीला लागली की खालचे सूर फुगतात, वाढ सहा डेसिबलपर्यंत जाऊ शकते. मग पडद्यावरचं प्रत्येक माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. भिंतीसाठीच बनवलेल्या स्पीकरमध्ये ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. दुकानात आधी पाठ बघ. मागे पोर्टचं भोक असेल तर पुढे चल.

पैशाचं म्हणशील तर सगळ्यात जास्त मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर घाल. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. डावा-उजवा त्याच मालिकेतले घे, नाहीतर पडद्यावरून मोटार गेली की तिचा आवाज मध्येच बदलतो. विक्रेता हमखास स्फोटांचा प्रसंग लावेल. स्फोट सगळ्याच स्पीकरवर छान वाटतात! दोन माणसं हळू बोलताहेत असा मराठी सिनेमातला प्रसंग लावायला सांग, आवाज कमी ठेव आणि शब्द न् शब्द कळतो का ते ऐक.

चार-पाच इंच खोलीच्या डब्यातून खर्ज फारसा निघत नाही, त्यामुळे सबवूफर लागणारच. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झला ठेवून सुरुवात कर. सबवूफरचा आवाज मात्र बेतानं. स्लॅबमधून तो शेजाऱ्यांकडे जातो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव निघतं.

उंचीवरून इंटिरियरवाल्याशी तुझं वाजेल. त्याला स्पीकर टीव्हीच्या वर, दिसायला सुबक असे हवे असतील. तू सोफ्यावर बसून कानाची उंची मोज. डाव्या-उजव्याचे ट्वीटर साधारण त्याच रेषेत येऊ देत. सराउंडचे दोन बाजूला, किंचित मागे आणि कानाच्या थोडे वर चालतील.

भिंत कशाची आहे ते बिल्डरला विचार. एएसी ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी त्यात धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात तेच वापरायला लाव. वायर 16 गेजची, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण घेऊ नकोस. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ती ओढायची नाही, वेगळा पाइप हवा.

रंगकाम अजून सुरू झालेलं नाही ना? मग स्पीकर नंतर निवड, आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते पाइप टाकून घे.

तुझा,
मामा