अळणी न वाटता मीठ कमी कसं करावं?

प्रश्न : माझं वय ५२. रक्तदाब वाढल्यानं डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. वरून मीठ घेणं सोडलं, सैंधव आणलं. पण अळणी जेवण घरात कुणालाच जात नाही. काय करू?

उत्तर : सैंधवानं फारसं साधत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, शिवाय त्यात आयोडीन असेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ खावं. त्यात लोणचं, फरसाण, पाव सगळं आलं. पहिली कात्री तिथेच लावा. पापडात तर मिठाबरोबर पापडखाराचंही सोडियम असतं.

कणकेत, भातात मीठ घालू नका. आमटी-भाजीतलं मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते. लिंबू, आमसूल, लसणीची फोडणी, भाजलेल्या तिळाचं कूट यांनी चव येते.

‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारूनच वापरा. आणि रक्तदाब उतरला तरी गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.