कोअर वर आला की आधी घड्याळ बघ

कोल्हापूर

चि. बाळास,


चंद्रपूरकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) भागात बोअरहोलवर कोळशातला गॅस मोजायचं काम तुला मिळालं, हे अक्कानं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला.

शिरोलीच्या फाउंड्रीत तू पाहिलंच आहेस: साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी जादा झाली की गॅस कोंडतो आणि कास्टिंगला ब्लोहोल पडतात. तिथला गॅस तापल्यावर तयार होतो. तुझ्या वाट्याचा मिथेन मात्र कोट्यवधी वर्षं कोळशाच्या बारीक छिद्रांत दाबाखाली बसलेला असतो. दाब उतरला की तो लगेच निघू लागतो.

म्हणून कोअर, म्हणजे बोअरहोलमधून निघणारा कोळशाचा दांडा, वर आला की आधी घड्याळ बघ. पाण्यानं ड्रिलिंग चालू असेल तर कोअर निम्म्या वाटेवर आला, ती वेळ शून्य धरतात. तिथपासून कोअर डब्यात घालून झाकण घट्ट होईपर्यंत उडालेला गॅस कुणालाच मोजता येत नाही. म्हणून डब्यातल्या गॅसचे पहिल्या काही तासांचे आकडे वेळेच्या वर्गमुळासमोर मांडायचे, रेघ मागे शून्य वेळेपर्यंत न्यायची आणि उडालेल्या गॅसचा अंदाज बांधायचा. वेळ चुकली की रेघ चुकली. ओल्या कोअरवर बुडबुडे फुटताना दिसतील, पण बघत उभा राहू नकोस. तो तुझ्या हातून निसटणारा गॅस आहे.

पुढचं काम सबुरीचं. डबा थराच्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचा, साबणाच्या पाण्यानं गळती तपासायची, गॅसनं नळीतलं पाणी किती ढकललं ते वाचायचं. आधी काही मिनिटांनी, मग तासांनी, पुढे कित्येक आठवडे. शेवटी बंद मिलमध्ये कोळसा दळून उरलासुरला गॅस मोजायचा. खाणीला वारा किती लागेल, गॅस आधीच भोकं पाडून काढावा का, हे ठरवताना निसटलेला, डब्यात सुटलेला आणि उरलेला गॅस, या तिन्हींची बेरीज लागते.

खाणीची गॅसची श्रेणी मात्र वेगळी. काढलेल्या कोळशाच्या टनामागे गॅस १ घनमीटरच्या आत असेल तर पहिली, १० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. हवेतलं प्रमाणही बघतात. टनामागच्या या आकड्यात शेजारच्या थरांतून आलेला गॅसही असतो, म्हणून तुझा आकडा आणि हा आकडा एक समजू नकोस.

चंद्रपूरकडचा कोळसा झरियाइतका गॅसवाला नाही, असं तुला तिथं ऐकवतील. खरं आहे. पण वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. धनबादजवळ भाटडीहला सप्टेंबर २००६ मध्ये स्फोटात ५० माणसं गेली. शिवाय चंद्रपूरकडचा कोळसा ढिगातच आपोआप तापतो. तिथं कार्बन मोनॉक्साइड वाढतोय का, ते बघावं लागतं. काढलेला कोळसाही गॅस सोडत राहतो. आपल्या जयगडला कोळशाची जहाजं लागतात. अशा जहाजांच्या माल भरायच्या कप्प्यांतही वाटेत हेच दोन गॅस मोजावे लागतात.

डबा बंद करायला उशीर झाला तर खरी वेळ लिही. नमुना बाद झाला तर होऊ दे. साहेबांनी सांगितलं तरी वेळ आधीची लिहू नकोस; त्या आकड्यावर खाली माणसं उतरणार आहेत.

पोचल्यावर कळव.

तुझा,
मामा